स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरच्या शर्करा कृत्रिम प्रोबने ओळखणं: सातारा-सांगलीत प्रोजेक्ट सुरू करणाऱ्यांसाठी

'कॅन्सर सेलवर काहीतरी करायचंय' असं ठरवून गाइडकडे जायचं आणि 'बोरोनिक ॲसिड प्रोब' असा विषय घेऊन बाहेर पडायचं, असं रसायनशास्त्र आणि बायोटेक्नॉलॉजीच्या बऱ्याच एमएस्सीच्या मुलामुलींचं होतं. हे त्यांच्यासाठी आहे. प्रोब म्हणजे ठरावीक गोष्टीला चिकटून ती चमकून दाखवणारा शोधक रेणू. साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत बसून हे काम कितपत होतं? बरंचसं होतं. निम्म्या कामाला तर पेशी लागतच नाहीत. कॉलेजातला एक बरा फ्लोरिमीटर, म्हणजे चमक मोजणारं यंत्र, पुरतो.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून धरून चाला. पेशी चमकवणं सोपं आहे. ती चमक शर्करेमुळेच आली, प्रोब नुसता चिकटला म्हणून नाही, हे दाखवणं हेच खरं काम. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

घरी विषय सांगितलात की 'म्हणजे साखर खाल्ल्याने कॅन्सर होतो का गं?' हे येणारच. उसाच्या पट्ट्यात तर नक्कीच. चहातल्या साखरेशी या कामाचा काही संबंध नाही असं सांगून मोकळं व्हा. इथल्या शर्करा पेशी स्वतः जोडते, प्रथिनांवर आणि मेदांवर त्यांच्या साखळ्या चढवते आणि त्या बाहेरच्या पृष्ठभागावर मांडते.

पायरी १: नेमकी कोणती शर्करा शोधताय ते ठरवा

'कॅन्सरची शर्करा' नावाची एक वस्तू नाही. स्तनाच्या पेशींवर एमयूसी-१ नावाचं म्यूसिन प्रथिन असतं. निरोगी पेशीत त्याच्यावरच्या साखळ्या लांब आणि फाटे फुटलेल्या असतात. कर्करोगात त्या आखूड राहतात आणि टोकाला बऱ्याचदा सियालिक ॲसिड (एक आम्लधर्मी शर्करा) लागून बंद होतात. त्यामुळे एरवी झाकलेले छोटे तुकडे उघडे पडतात. प्रथिनाला फक्त एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन जोडलेलं असेल तर तो टीएन अँटिजन. त्यावर एक गॅलॅक्टोज चढलं की टी अँटिजन, म्हणजेच थॉमसन-फ्रीडनराइख अँटिजन. त्यांच्यावर सियालिक ॲसिड बसलं की सियालिल-टीएन आणि सियालिल-टी.

रक्ततपासणीच्या यादीत दिसणारी सीए १५-३ ही चाचणी याच एमयूसी-१ ची. ती मुख्यतः पसरलेल्या आजारात उपचार लागू पडतोय का हे पाहायला वापरतात. निरोगी बाईचा आजार लवकर पकडायला ती चालत नाही. आपल्या प्रस्तावात 'अर्ली डिटेक्शन' हे शब्द घालायचा मोह होईल तेव्हा हे आठवा.

नवख्याने सियालिक ॲसिड घ्यावं. ते पृष्ठभागावर भरपूर असतं, विकत मिळतं आणि एन्झाइमने कापून काढता येतं. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. जी शर्करा काढून टाकता येते तिच्याबद्दलच ठामपणे बोलता येतं. टी अँटिजनसाठी नेमका कृत्रिम ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारा रेणू) बनवणं फार वरच्या पातळीचं काम आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डेनिस हॉल यांच्या गटाने २०१० मध्ये तसा एक रेणू मांडला, तोही पेप्टाइडवर दोन बेंझोबोरोक्सोल बसवून आणि अशा रेणूंचा अख्खा संच (लायब्ररी) चाळून. दोन सेमिस्टरमध्ये तिकडे वळू नका.

पायरी २: प्रोब निवडा

निसर्गात शर्करा ओळखणारी प्रथिनं आहेत, त्यांना लेक्टिन म्हणतात. १८८८ मध्ये श्टिलमार्कने एरंडाच्या बियांच्या अर्काने रक्तपेशींच्या गुठळ्या होतात हे दाखवलं, तिथून हा विषय सुरू झाला. आपल्या आजूबाजूला लेक्टिनं भरपूर आहेत: शेंगदाण्यातलं पीएनए टी अँटिजनला धरतं, फणसाच्या आठळीतलं जॅकलिनही धरतं. पण एरंड आणि गुंज यांच्यातली लेक्टिनं जहाल विष आहेत. 'स्थानिक वनस्पतींपासून लेक्टिन' अशी कल्पना सुचली तर या दोघांच्या वाटेला जाऊ नका.

लेक्टिनं महाग पडतात, गरमीत बिघडतात, बॅचगणिक वागणं बदलतात. म्हणून कृत्रिम प्रोब. त्यात सर्वांत आटोक्यातला म्हणजे फेनिलबोरोनिक ॲसिड. त्याचा बोरॉन शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांशी वलय बनवतो. बंध पाण्यात होतो आणि सुटतोही. बेंझोबोरोक्सोल हा त्याचाच सुधारलेला भाऊ. उदासीन पीएचला तो जास्त चांगलं काम करतो.

दुसरी वाट म्हणजे पेशीलाच बदललेली शर्करा खाऊ घालणं. अझाइड जोडलेलं मॅनोसामीन मीडियात टाकलं की पेशी ते सियालिक ॲसिडमध्ये वापरते, मग बाहेरून डीबीसीओ (अझाइडला पकडणारा गट) जोडलेला रंग लावायचा. कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल (मेल्डाल आणि शार्पलेस यांच्याबरोबर) ज्या कामासाठी मिळालं ते याच घराण्यातलं. सुंदर पद्धत आहे, पण ती त्या दोन-तीन दिवसांत नव्याने बनलेली शर्करा दाखवते, आधीपासून असलेली नाही. रुग्णाच्या तयार स्लाइडवर ती चालणार नाही.

तिसरी वाट स्वस्त आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे उगाच दुर्लक्ष होतं. १ मिलीमोलर सोडियम परआयोडेट, बर्फावर, अर्धा तास. इतक्या सौम्य मात्रेत मुख्यतः सियालिक ॲसिडची शेपटी तुटून तिथे अल्डिहाइड तयार होतं. त्यावर अमिनोऑक्सी-बायोटिन जोडायचं, ॲनिलीन उत्प्रेरक म्हणून. मात्रा किंवा तापमान वाढवलंत की बाकीच्या शर्कराही कापल्या जातात आणि निवडकपणा संपतो.

पुढचं सगळं बोरोनिक ॲसिड धरून सांगते.

पायरी ३: आधी क्युव्हेट, मग पेशी

ॲलिझरिन रेड एस हा रंग बहुतेक रसायनशास्त्र विभागांच्या कपाटात असतो. एकटा असताना तो जवळजवळ चमकत नाही. फेनिलबोरोनिक ॲसिडला बांधला की चमकतो. शर्करा टाकली की ती रंगाला हुसकावून बोरॉनजवळ बसते आणि चमक उतरते. यावरून शर्करा किती घट्ट बांधते ते काढता येतं.

०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४. रंग साधारण १० मायक्रोमोलर, फेनिलबोरोनिक ॲसिड १ ते २ मिलीमोलर. ४६८ नॅनोमीटरला उत्तेजित करा, ५७२ च्या आसपास वाचा. मग फ्रुक्टोज, ग्लुकोज, सुक्रोज आणि सियालिक ॲसिड वाढत्या मात्रेत. या पीएचला प्रसिद्ध झालेले बंधन-स्थिरांक असे: फ्रुक्टोज सुमारे १६०, सियालिक ॲसिड २१, गॅलॅक्टोज १५, ग्लुकोज ४.६, सगळे प्रति मोलर. सुक्रोज १ पेक्षाही कमी. म्हणजे आपले कारखाने पोत्यांनी जी साखर काढतात ती इथे जवळपास काहीच करत नाही, आणि म्हणूनच निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे बंधन दिसू नये अशी तुलना, म्हणून ती उत्तम. बाटली मात्र प्रयोगशाळा दर्जाची घ्या.

सियालिक ॲसिडची एक खोड: ते नावाप्रमाणे ॲसिड आहे, आणि चांगलंच तीव्र. त्याचं द्रावण तसंच टाकलंत तर पीएच घसरतो, चमक बदलते आणि तुम्हाला वाटतं बंधन झालं. स्टॉक सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणूनच वापरा आणि प्रत्येक क्युव्हेटचा पीएच शेवटी पुन्हा तपासा.

आता वरच्या आकड्यांकडे नीट बघा. २१ प्रति मोलर म्हणजे निम्मे रेणू बांधायला जवळजवळ ४८ मिलीमोलर सियालिक ॲसिड हवं. इतका सैल प्रोब पेशीवर टाकला तर पहिल्याच धुण्यात निघून जाईल. एकट्या बोरोनिक ॲसिडवर विसंबून चालत नाही. एकाच आधारावर अनेक बसवावी लागतात, म्हणजे एक सुटलं तरी बाकीची धरून असतात.

शिवाय क्युव्हेटमधलं मोकळं सियालिक ॲसिड आणि पेशीवरचं सियालिक ॲसिड सारखं नाही. पेशीवर त्याचा एक हायड्रॉक्सिल शेजारच्या शर्करेशी जोडण्यात खर्च झालेला असतो, त्यामुळे बोरॉनला शेपटीकडचे हायड्रॉक्सिलच मिळतात. म्हणून पायरी ४ मधला प्रोब तयार झाला की पेशींकडे जाण्याआधी मधली एक तपासणी करा: फेट्युइन आणि असियालोफेट्युइन. प्रथिन तेच, फक्त दुसऱ्यावरचं सियालिक ॲसिड काढलेलं. दोन्ही विकत मिळतात. प्रोबला या दोघांतला फरक कळत नसेल तर पेशींवर कळण्याची आशा सोडा आणि पायरी ४ पुन्हा करा.

पायरी ४: प्रोब जोडणं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल अशी रचना: बीएसए, म्हणजे बैलाच्या रक्तातलं अल्ब्युमिन. त्यावर लायसीन भरपूर आहेत आणि त्याच्यावर निसर्गतः शर्करेच्या साखळ्या नसतात, त्यामुळे प्रोब स्वतःलाच धरत नाही. ४-कार्बॉक्सिफेनिलबोरोनिक ॲसिड ईडीसी आणि सल्फो-एनएचएस या जोडणीच्या रसायनांनी सक्रिय करून लायसीनवर जोडा. त्याआधी किंवा नंतर थोडं एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावा. जास्त लावलंत तर रंगाचे रेणू एकमेकांची चमक मारतात. डायलिसिस नीट करा. न जोडलेला रंग उरला की सगळा प्रयोग वाया.

पॉलीलायसीनवर बसवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, कारण ती सोपी दिसते. नको. पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित, पॉलीलायसीन धनभारित. ते शर्करा असो-नसो चिकटणारच.

याच वेळी जुळा प्रोब बनवा: तेच बीएसए, तेवढंच एफआयटीसी, पण बोरोनिक ॲसिडशिवाय. पुढच्या प्रत्येक प्लेटवर तो बसला पाहिजे.

ट्रिस बफर या कामात कुठेच नको. त्याच्या हायड्रॉक्सिल गटांवर बोरॉन जाऊन बसतो. ग्लिसरॉलचंही तेच, आणि बहुतेक माउंटिंग मीडिया ग्लिसरॉलचे असतात. कव्हरस्लिप लावल्यावर चमक गायब झाली की मुलं प्रोबला शिव्या देतात. दोष माउंटचा असतो. पीबीएसमध्येच (मीठ घातलेला फॉस्फेट बफर), त्याच दिवशी फोटो काढा.

पायरी ५: पेशी आणणं आणि सांभाळणं

भारतात सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) मिळण्याची नेहमीची जागा म्हणजे पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), पुणे विद्यापीठाच्या आवारात. मागणी संस्थेच्या लेटरहेडवरून जाते, म्हणून गाइडना आधीच गाठा. सुरुवातीला तीन लाइन विचारात घ्या. एमसीएफ-७ ला इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो. एमडीए-एमबी-२३१ ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेली) आणि आक्रमक. एमसीएफ-१०ए ही कर्करोगी नसलेली, तुलनेसाठी. तिसरीचा मीडिया खर्चिक आहे: घोड्याचं सीरम, ईजीएफ, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन. बजेट कमी असेल तर पहिल्या दोनच घ्या आणि 'निरोगी विरुद्ध कर्करोगी' असा दावाही मग करू नका.

वाढती पेशी असलेला फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियाने भरून आणतात. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तो ठेवून खंबाटकीच्या अलीकडे जेवायला उतरू नका. आल्यावर बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, काही तास इन्क्युबेटरमध्ये स्थिरावू द्या, मग जादा मीडिया काढा. पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याच्या फेऱ्या) व्हायल गोठवून ठेवा. मायकोप्लाझ्माची (पेशींत नकळत शिरणारा सूक्ष्म जीवाणू) तपासणी लगेच करून घ्या. पावसाळ्यात, साताऱ्यात तर विशेष, इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरते. ट्रे आठवड्याला रिकामा करून पुसा. लाइट जाण्याच्या वेळा माहीत असतील तर बॅकअपची सोय आधी विचारा, नंतर नाही.

मीडियाकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो, पण या विषयात तोच घात करतो. जास्त ग्लुकोजच्या डीएमईएममध्ये लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २५ मिलीमोलर. आरपीएमआय-१६४० मध्ये २ ग्रॅम. एमडीए-एमबी-२३१ बऱ्याचदा एल-१५ मीडियात देतात, त्यात ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज असतं, आणि ते बोरॉनला ग्लुकोजपेक्षा घट्ट बांधतं. सीरमची प्रथिनंही सियालिक ॲसिडने लदलेली असतात. म्हणून प्रोब टाकण्याआधी कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या पीबीएसने तीनदा धुणं ही औपचारिकता नाही. दोन लाइनची तुलना करायची तर शक्यतो दोन्ही एकाच मीडियात काही पॅसेज वाढवून घ्या. एल-१५ ला कार्बन डायऑक्साइड नको, हेही बाटलीवर लिहून ठेवा.

पायरी ६: रंगवणं

२४ वेलची प्लेट, कव्हरस्लिप घालून, वेलला साधारण ५० हजार पेशी. ६०-७० टक्के भरल्या की थांबा. धुवा, प्लेट बर्फावर ठेवा, थंड पीबीएसमध्ये प्रोब अर्धा तास. बर्फ यासाठी की ३७ अंशांना पेशी प्रोब गिळतात आणि पृष्ठभागाऐवजी आतले ठिपके दिसतात. थंड पीबीएसने धुवा, मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १०-१५ मिनिटं स्थिर करा, डीएपीआय (केंद्रक दाखवणारा निळा रंग) लावा. ट्रायटन हा डिटर्जंट वापरू नका. त्याने पडदा फुटतो आणि आतल्या शर्कराही रंगतात.

फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) मिळत असेल तर पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, ईडीटीएने सोडवा. ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं, आणि आपल्या शर्करा त्याच प्रथिनांवर बसलेल्या असतात. मेलेल्या पेशी कुठलाही रंग पितात, म्हणून प्रोपिडियम आयोडाइड लावून त्या वगळा.

पायरी ७: चमक शर्करेचीच आहे का?

इथे घाई नको. एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, एकाच एक्स्पोजरला हे सगळे वेल हवेत.

प्रोब नसलेला वेल, पेशीची स्वतःची चमक किती ते कळायला. बोरॉन नसलेल्या जुळ्या प्रोबचा वेल. प्रोबबरोबर १०० मिलीमोलर फ्रुक्टोज, जे शर्करेच्या जागा अडवेल. आणि त्याच्या शेजारी १०० मिलीमोलर सुक्रोज, कारण एवढी शर्करा टाकली की परासरण दाब वाढून पेशी आक्रसते आणि तो परिणाम वेगळा काढावा लागतो. इथे मॅनिटॉल वापरायची सवय असेल तर आवरा. मॅनिटॉल बोरॉनला छान बांधतं.

मग सियालिडेज, म्हणजे सियालिक ॲसिड कापून काढणारं एन्झाइम. ३७ अंशांना तासभर, एन्झाइमला सोसेल अशा किंचित आम्ल बफरमध्ये. शेजारच्या वेलमध्ये तेच एन्झाइम उकळून मारलेलं. पहिल्यात चमक उतरली आणि दुसऱ्यात नाही, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे. चमक शून्यावर येणार नाही, कारण सियालिक ॲसिड गेल्यावर खालचं गॅलॅक्टोज उघडं पडतं आणि बोरॉन त्यालाही थोडंफार धरतो.

एन्झाइम चाललं की नाही हे कसं कळणार? शेंगदाण्याचं पीएनए लावा. ते सियालिक ॲसिडने झाकलेल्या टी अँटिजनला धरत नाही, झाकण गेलं की धरतं. म्हणजे सियालिडेजनंतर तुमच्या प्रोबची चमक कमी आणि पीएनएची जास्त, अशी उलटी जोडी दिसली पाहिजे. या जोडीइतका पटणारा पुरावा एमएस्सीच्या पातळीवर दुसरा नाही, असं माझं मत. घरी काढलेल्या लेक्टिनऐवजी रंग लावलेलं तयार पीएनए घ्या. जरा खर्च होईल, पण परीक्षकाच्या निम्म्या प्रश्नांना तिथेच उत्तर मिळतं.

आकडे काढताना तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर, वेगवेगळ्या दिवशी केलेले प्रयोग मोजा. इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी वजा करून प्रति पेशी चमक काढा, आणि कोणता वेल कोणता हे माहीत नसलेल्या मित्राकडून फोटो मोजून घ्या.

पायरी ८: किती म्हणायचं

सियालिक ॲसिड निरोगी पेशींवरही असतं. लाल रक्तपेशींचा पृष्ठभाग तर त्याने भरलेला असतो. त्यामुळे 'हा प्रोब कर्करोगाची पेशी ओळखतो' असं लिहिता येणार नाही. 'या दोन लाइनवर सियालिक ॲसिडवर अवलंबून असलेलं बंधन दिसलं आणि ते अमुक लाइनवर जास्त होतं' एवढं लिहा. हे कमी वाटत असलं तरी कमी नाही. लेक्टिनच्या बाबतीतही असंच हळूहळू पुढे गेलं: गोगलगाईच्या एचपीए लेक्टिनने स्तनाच्या गाठींचे छेद रंगवून, रंग धरणाऱ्या गाठी पुढे उलटण्याची शक्यता जास्त असते असं लेदम आणि ब्रुक्स यांनी १९८७ मध्ये मांडलं, पण ती चाचणी आजही दवाखान्यातली रोजची तपासणी झालेली नाही.

आपल्याकडे फ्लोरिमीटर नसेल तर शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूरला विचारा, आणि आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कोणतं उपकरण कुठे, किती शुल्कात मिळतं ते बघा. कॉन्फोकलसाठी पुण्याला जावं लागलं तर आधी साध्या फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शकावर सगळे कंट्रोल जमवून मगच वेळ घ्या. तिथे तासाचे पैसे लागतात.

रुग्णाच्या गाठीचे छेद मिळावेत अशी इच्छा पुढे होईलच. कराडला, मिरजेला, सांगलीला वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांचे पॅथॉलॉजी विभाग आहेत, आणि सर नीट भेटले तर मदतही करतात. पण ओळखीने ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागून आणू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे. तिला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज पहिल्याच सेमिस्टरमध्ये टाका. छेद हातात येईल तो फक्त कोड नंबर घालून. त्यावर रुग्णाचं नाव किंवा केसपेपर नंबर दिसला तर स्लाइड तशीच विभागाला परत करा आणि नव्याने कोड घालून मागा.